दळण कुठं टाकता?

"मुकी हाय का रे ही पोरगी?"

प्रश्न स्वयंपाकघरातून आला. विचारणारीने आवाज खाली आणला होता, पण परंड्यातल्या त्या घरात स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

"मुकी न्हाय, आपा. इंग्लिश मीडियमची हाय," माझ्या कार्यालयातले मुलाणीभाई म्हणाले. "बोलत न्हाय, पण लिवून सगळं घेती. तू काय वंगाळ बोलू नको, ते बी लिवंल."

मी पुढच्या खोलीत बाजेवर बसले होते आणि खरोखरच लिहीत होते. पेन बंद करून वही मांडीखाली सरकवली. मग आपा, म्हणजे मुलाणीभाईंची थोरली बहीण, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर लालभडक रस्सा घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि मी जेवण संपवेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रस्सा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, तिचं बोलणं ऐकून आलं. तिने मला आणखी एक भाकरी वाढली. नको कसं म्हणायचं हे न सुचल्यामुळे मी ती खाल्ली.

मी एका शहराच्या कॅन्सर नोंदणी कार्यालयात काम करते. शहराचं नाव लिहीत नाही. पुढे येणाऱ्या रुग्णांची नावं बदलली आहेत, नाती आणि गावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत. मुरुम गावच्या कुणा वाचकाने घर शोधायला निघू नये, सापडणार नाही.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. एका वर्षात आमच्या शहरात राहणाऱ्या किती जणांना नव्याने कॅन्सर झाला, हे मोजायचं. रुग्णालयातले कागद बघून मोजता येईल असं मलाही नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं. पण एसटी स्टँडवरची माणसं मोजून गावाची लोकसंख्या कळत नाही. मोठ्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. त्यांतली बरीचशी केसपेपर काढताना शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता देतात. कुणाला वाटतं, बाहेरगावचं म्हटलं तर परत पाठवतील. कुणाला गावात टपाल यायला नको असतं, कारण पोस्टमन पाकीट हातात देण्याआधी गल्लीभर नाव पुकारतो. आमच्याकडे एका दोन खोल्यांच्या घराच्या पत्त्यावर चार वेगवेगळ्या आडनावांचे रुग्ण आहेत. ही सगळी माणसं शहराची म्हणून धरली तर शहर आहे त्याहून आजारी दिसतं, आणि जिथली ती खरी आहेत तो तालुका कागदावर ठणठणीत. म्हणून जिथे शंका असेल तिथे कुणीतरी जाऊन बघायचं.

ते कुणीतरी म्हणजे मुलाणीभाई. मी टेबलावरची. रुग्णांना वर्षातून एकदा फोन करून चौकशी करणं हे माझं काम. फोनशेजारी मी एक कागद चिकटवला आहे आणि त्यावरची वाक्यं वाचते: "नमस्कार. नोंदणी कार्यालयातून बोलतेय. तब्येत कशी आहे आता? जेवण व्यवस्थित जातं का? आणि पत्ता तोच आहे ना?" समोरचं माणूस रडलं तरी मी पुढचं वाक्य वाचते, कारण न वाचता काय बोलायचं ते मला माहीत नसतं. मुलाणीभाई म्हणतात, तू रेल्वेच्या अनाउन्समेंटवाणी बोलतीस, बेटा, आता गाडी फलाटावर येईल असं वाटतं.

ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत आणि त्यांच्या जागी मला फिरायचं आहे. म्हणून हा तीन दिवसांचा, तीन नावांचा प्रवास. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरल्यापासून मी तक्त्यावरचे प्रश्न मनात घोकत होते.

परंडा

जेवण झाल्यावर मुलाणीभाईंनी माझ्याकडून पिशवी मागितली. कार्यालयाच्या कापडी पिशवीवर ठळक अक्षरांत कार्यालयाचं पूर्ण नाव आहे, त्यात तो शब्दही आहे. त्यांनी आतली कागदपत्रं काढली, पिशवी उलटी करून शिवण बाहेर आणली आणि कागद पुन्हा भरले.

"ओळखपत्र गळ्यात न्हाय, खिशात. आणि तो शब्द अंगणात बोलायचा न्हाय. घरात बी त्यांनी काढल्याबिगर आपण काढायचा न्हाय. आजार म्हण. नुसतं आजार."

पहिलं नाव एका म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं. पत्ता शहरातला, पुतण्याचा. प्रत्यक्षात ते किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत लिंबाच्या सावलीत बसलेले सापडले, घशाला मफलर, उन्हाळा असूनही. माझ्या तक्त्यावर तिसरा प्रश्न आहे: निदानाच्या वेळी या पत्त्यावर किती काळ वास्तव्य होतं? मी तो जसा छापला आहे तसा वाचला. म्हाताऱ्यांनी सावध होऊन माझ्याकडे बघितलं.

"पुतण्याकडंच ऱ्हातो की मी. वरीस झालं."

मुलाणीभाईंनी मला थांबवलं नाही. त्यांनी पाणी मागितलं. पावसाचं विचारलं. मग सहज म्हणाले, "चाचा, दळण कुठं टाकता?"

"दळण व्हय? ह्या कोपऱ्यावरच. पहिला ज्वारी बारीक दळायचा, आता पोरगं बसतंय गिरणीवर, लई जाड काढतंय."

"किती दिसांपासनं जाड काढतंय?"

"दोन वर्सं झाली की."

मुलाणीभाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली आणि मी तिसऱ्या प्रश्नासमोर लिहिलं: परंडा. परतताना त्यांनी सांगितलं, माणूस पत्ता कुठलाही देतो, पण पीठ जाड येतं ही तक्रार खोटी सांगत नाही. आमच्या इमारतीत सगळ्यांचं पीठ पाकिटातून येतं. आमच्याकडे हा प्रश्न चालला नसता. आमच्याकडे शेजारच्या घरात कोण आजारी आहे हे अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत कळतच नाही, त्यामुळे लपवायचे कष्टही कुणाला पडत नाहीत.

त्याच संध्याकाळी ते मला किल्ल्यातली मोठी तोफ दाखवायला घेऊन गेले. लहानपणी ते तिच्यावर घोडा करून बसत. तोफ दाखवून झाली, आणि खाली येताना एका निसटत्या दगडावर त्यांचा पाय मुरगळला. आपाने हळद-चुना लावला आणि रात्रभर त्यांना बोलत राहिली. साठीला आलास, तोफा कसल्या बघतोस.

तेरखेडा

दुसऱ्या दिवशी ते लंगडत आले. तेरखेड्याच्या रस्त्याला फटाक्यांची दुकानं ओळीने लागतात, भर उन्हात रंगीत पाकिटांच्या भिंती. दुसरं नाव ज्या घरातलं होतं, त्या घरात लग्नसराईसाठी फटाक्यांच्या माळा वळल्या जात नव्हत्या एवढाच त्या घराचा वेगळेपणा. रुग्ण बाई दोन महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडून. मुलाणीभाई मला म्हणाले होते, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते, बेटा, आपण त्याच्या आधीचं बघायचं.

त्यांच्या नवऱ्याने आम्हाला सुशीला खायला दिला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा पदार्थ मी पहिल्यांदाच खाल्ला, पोह्यांपेक्षा हलका आणि जास्त आंबट. त्यांनी तो स्वतः केला होता आणि त्यात मीठ नव्हतं. आम्ही दोघांनीही तो संपवला.

इथे दळणाचा प्रश्न मी विचारायचा असं ठरलं होतं. मी तीन वेळा तोंड उघडलं. चौथ्या वेळी ते गृहस्थ आपणहून म्हणाले, "ती पाच वर्सं तितं शहरातच व्हती. मुलींच्या होस्टेलात सैपाकाला. मी इथं आणि ती तितं. शेवटच्या पंधरा दिसाला आणली."

म्हणजे त्या आमच्याच. मी शहराच्या रकान्यात खूण केली. ते माझ्या पेनाकडे बघत होते.

"तितलीच धरली का?"

मी मान हलवली.

"बरं केलं," ते म्हणाले. "तिला तितलंच आवडायचं."

 धाराशिवला मुक्काम होता. तिथे मुलाणीभाईंनी मला एका जुन्या दुकानात गरम गुलाबजाम खाऊ घातला, आणि एक पाय बाकावर ठेवून स्वतः तीन खाल्ले. रात्री पाय चपलेत मावेना. सकाळी दारातूनच म्हणाले, "मुरुमला तू जा. घरात बाई एकटीच हाय, तिच्या भाचीनं सांगितलंय. मी आलो तर उलट चर्चा व्हईल."

मी म्हणाले, "उद्या जाऊ या का?"

"उद्या अमावस्या. लोक घरात घेतील का न्हाय, सांगता येत न्हाय."

अमावस्या आमच्या वाटेत आणखी एका बाजूने येणार होती, ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मुरुम

तुळजापूर, नळदुर्ग, येणेगूर. एसटीत खिडकीशी बसून मी एक वाक्य पाठ करत होते: नमस्कार, मी तुमच्या भाचीच्या ओळखीची. तेवढंच. नळदुर्गच्या पुढे बसमध्ये कानडी ऐकू यायला लागलं, मराठीच्या मध्येच, भाजीत शेंगदाणा यावा तसं. शेजारच्या बाईंनी मला वय विचारलं, जात विचारली, लग्न विचारलं. पहिल्याचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "लाजती गं, अव्वा," आणि मला अर्धी काकडी दिली.

तिसरं नाव सुमनबाई. वय बेचाळीस. निदान दीड वर्षापूर्वी, उपचार संपून आठ महिने झालेले. पत्ता भाचीचा. भाचीने फोनवर तीन गोष्टी बजावल्या होत्या. मावशीच्या मुलीचं, पूजाचं, लग्न ठरतंय. तिकडच्या लोकांना आजाराचं माहीत नाही, आईला असेल तर मुलीलाही होईल म्हणून स्थळ मोडतात. आणि गुरुवारी दुपारी या, तेव्हा घरात कुणी नसतं.

गुरुवारची दुपार होती. मी पिशवीची शिवण बाहेर आहे ना ते दोनदा बघितलं. गल्लीत शिरले तेव्हा सुमनबाईंच्या दारात पुरुषांच्या चपलांचे चार आणि बायकांच्या चपलांचे तीन जोड होते.

परत फिरायला हवं होतं. पण गल्लीतल्या ओट्यावरून एका आजोबांनी आधीच विचारलं होतं, "कुणाकडं?" आणि मी बोट दाखवलं होतं, आणि त्यांनी माझ्या वतीने मोठ्याने हाक मारली होती, "सुमन, पावणी आली बघ आणिक एक."

आत सतरंजीवर माणसं बसली होती. पूजाचे वडील, तिचे काका, आणि मुलाकडचे: मुलाचे वडील, त्यांचे मेहुणे आणि मुलाची आई, नागरबाई. तारीख धरायला ते खरं तर शुक्रवारी येणार होते. शुक्रवारी अमावस्या आहे हे बुधवारी कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून आजच आले. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की पाच माणसांनी चहाच्या बशा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. ठसठशीत अंबाडा, त्यात गजरा. केस पुढून बोटभर लांबीचे आणि मागे अचानक दाट. गंगावन होतं. ते त्यांनी फार कौशल्याने लावलं होतं, ज्याला माहीत नाही त्याला दिसलं नसतं. मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज बदलला नाही.

"अगं ये की. माझ्या भाचीची मैत्रीण हाय. तुळजापूरला आलती दर्शनाला, म्हणलं ये मुरुमला बी."

"बरं केलं, बरं केलं," मुलाचे वडील म्हणाले. "शिकलेली दिसती. काय करती पोरगी?"

सगळे थांबले. माझं पाठ केलेलं वाक्य सुमनबाईंनी आधीच वापरून टाकलं होतं. माझ्याकडे दुसरं नव्हतं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या डोक्यात घाईत हाताला लागलं ते रोज लागतं तेच. मी सुमनबाईंकडे वळले आणि म्हणाले,

"तब्येत कशी आहे आता? जेवण व्यवस्थित जातं का? आणि पत्ता तोच आहे ना?"

मुलाच्या वडिलांचे मेहुणे हसले. "पत्ता काय, तिच्या घरातच बसलीय की तू."

सगळे हसले. पूजाचे वडीलही हसले, जरा उशिरा. फक्त नागरबाई हसल्या नाहीत. त्यांनी बशी ओठांपर्यंत नेली होती, ती तिथेच थांबली. धिप्पाड, सावळ्या, कपाळाला मोठं कुंकू. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि डावा हात पदराखाली घेतला. पण तो मी आधीच पाहिला होता. उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटाला बसत्या, आणि डाव्या हातातल्या तशाच, पण मापाने मोठ्या. डाव्या हाताला सूज असल्याशिवाय कासार दोन हातांना दोन मापं देत नाही. छातीच्या त्या बाजूला शस्त्रक्रिया झालेल्या काहींचा हात असा सुजतो, हे मी माझ्या कामात वाचलेलं आहे. हात दुसऱ्याही कारणांनी सुजतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि सुमनबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

हुग्गी शिजत होती, गव्हाची, गुळाची. तिच्या वासात आम्ही दोघी चुलीशी उकिडव्या बसलो. पूजा ताटं पुसत होती. आईने तिला डोळ्याने पलीकडे घालवलं.

"विचार लौकर," सुमनबाई कुजबुजल्या.

"दळण कुठं टाकता?" मी विचारलं. संपूर्ण प्रवासात हा प्रश्न मी एकदाच विचारला, आणि कुजबुजून.

त्यांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे बघितलं. "मागच्या गल्लीत. लगीन झाल्यापासनं. भाचीकडं नुसतं इंजेक्शनापुरतं जायचे. आठ दिस, की परत." मी लिहिलं: मुरुम. त्या माझ्या कागदावर वाकल्या. "हे काय केलं? शहर खोडलं?"

"तुम्ही इथल्या आहात. म्हणून आता जिल्ह्याच्या नोंदणीत जाईल."

"जिल्ह्याच्या?" त्यांनी माझं मनगट धरलं. "म्हंजे धाराशिवला कागद येणार? हितनं दहा माणसं रोज धाराशिवला जात्यात, ताई. तितं बी कुणी वळखीचं बसलेलं असंल. मी एवढं शहरात जाऊन लपवलं ते कशाला? पुसून टाक."

मला सांगायचं होतं की कागद कपाटात कुलपात असतात, बाहेर जातो तो फक्त आकडा. की त्या आकड्यात त्या नसल्या, तर या तालुक्यात हा आजार कमी आहे असं कुणीतरी मोठ्या टेबलावर बसून म्हणेल, आणि पुढच्या बाईलाही गाडीत बसून भाचीकडे जावं लागेल. हे सगळं मला मराठीत सलग कधीच बोलता आलेलं नाही. मी म्हणाले, "नाव नाही. फक्त आकडा."

"वचन दे."

मी मान हलवली. बाहेरून पूजाच्या काकांनी हाक मारली, "वहिनी, हुग्गी का तुळजापूरवरनं मागवली?" सुमनबाईंनी डोळे पुसले, गजरा सरळ केला आणि वाढायला घेतलं.

मीही पंगतीला बसले. हुग्गी चांगली असणार, मला चव आठवत नाही. तारीख ठरली. मुलाच्या वडिलांनी पूजाच्या वडिलांच्या कपाळाला गुलाल लावला. मी उठले, चारची बस आहे म्हणाले. तेव्हा नागरबाईही उठल्या.

"मी बी येते स्टँडपतूर. पाय मोकळे करते."

"हिला पावणीचा लळा लागला," त्यांचे यजमान म्हणाले. "सुनंला सोडून भलतीच पोरगी घिऊन जाईल ही घरला."

सुमनबाई दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं, तेव्हाही होत्या.

स्टँडपर्यंत नागरबाई माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिल्या. त्यांचा हात का सुजलाय ते मला कळलं होतं आणि मला वाटत होतं की मी न बोलले तर ते खरं होणार नाही. स्टँडवर पिंपळाच्या पारावर त्या बसल्या, मला शेजारी बसवलं.

"जेवण व्यवस्थित जातं का," त्या म्हणाल्या. माझ्याच चालीत. "दर वर्साला पोळ्याच्या म्होरं फोन येतो. पाच वर्सं झाली. आवाज ऐकला आणि बशीच हातात ऱ्हायली बघ माझ्या. म्हणलं, ही हितं कशी?"

मी पिशवीची शिवण बोटांनी चाचपत राहिले.

"भावाकडं ऱ्हाते असं सांगते मी तुला फोनवर. खोटं हाय. मी कधीच तितं ऱ्हायली न्हाय. आमचं गाव आळंदच्या रस्त्याला, दळण बी गावातच, सगळं गावातच. घरात मालकाला तेवढं ठाव हाय. पोराला सुदिक न्हाय." त्यांनी माझ्या पिशवीला हात लावला. "लिव ते. काढ वही."

मी वही काढली नाही. माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. पाच वर्षं आम्ही त्यांना शहरात धरत होतो.

"आता मी खरं सांगितलं," नागरबाई म्हणाल्या, "आता तू सांग. तिला बी हाय ना?"

धाराशिवची बस लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून येणेगूर, नळदुर्ग, तुळजापूर ओरडत होता.

"सोयरीक मोडाया विचारत न्हाय गं," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मालकाला सांगणार बी न्हाय. ते गंगावन मी बी लावलेलं हाय दोन वर्सं, मला का कळंना. पण आपल्याला वाटतंय आणि तसं आसतंय, ह्यात फरक हाय. आता जलमभर तिच्या घरला जायाचं, तिनं माझ्या घरला यायचं. दोघींनी पदर सावरत बसायचं का? एवढंच सांग. व्हय म्हण, न्हाय म्हण. मान हलीव नुसती. तू मान हलीवतीस की सारखी."

माझी मान हलणारच होती. ती माझी सवय आहे, तिच्यावर मी आजवर भागवलं आहे. हो म्हटलं असतं तर कदाचित दोन्ही बायकांचं भलं झालं असतं. कदाचित संध्याकाळपर्यंत कपाळाचा गुलाल धुतला गेला असता. चुलीशी धरलेल्या मनगटावर अजून हुग्गीचा चिकटपणा होता. नाही म्हणणं खोटं होतं, आणि गप्प बसणं हे या बाईंसमोर हो म्हणण्यासारखंच होतं. पाच वर्षं त्या फोनवर माझी न अडखळणारी वाक्यं ऐकत आल्या होत्या, आज अडले की त्यांना कळणारच होतं.

कंडक्टरने घंटी वाजवली. मी उठून उभी राहिले, आणि कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसलेलं बोलले, स्टँडवरच्या दोनचार माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने:

"मावशी, मी कुणाचंच नाव कुणाला सांगत नाही. मघाशी घरात त्यांनी तुमचं विचारलं असतं, तर त्यांनाही मी हेच म्हणाले असते. तुमचं तुम्ही त्यांना सांगा."